पंचवीस वर्षे दर्यावर, आणि पेन्शन नाही : जॉन निकोल या खलाशाचं प्रकरण

१८१७ साली जॉन निकोल एडिंबरोहून लंडनला गेला तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. बायको वारलेली, अंगात पूर्वीसारखी ताकद नाही, कोणी काम देईना. लंडनमध्ये त्याला एकाच माणसाला भेटायचं होतं, कप्तान नथॅनियल पोर्टलॉकला. तीस वर्षांपूर्वी पोर्टलॉकच्याच हाताखाली, ‘किंग जॉर्ज’ नावाच्या व्यापारी जहाजावर, त्याने पृथ्वीला वळसा घातला होता. पोर्टलॉकने शब्द टाकला असता, तर ग्रीनिच हॉस्पिटलमध्ये जागा मिळायची आशा होती. ग्रीनिच म्हणजे इंग्लंडच्या आरमारातल्या थकलेल्या, जायबंदी झालेल्या खलाशांना मरेपर्यंत सांभाळणारी संस्था. निकोल पोचला तेव्हा कळलं, की कप्तान काही आठवड्यांपूर्वीच वारला. वारला तोही त्याच ग्रीनिचमध्ये.

मग निकोल सॉमरसेट हाउसला गेला. आरमाराच्या नोंदींची दफ्तरं तिथे होती. तिथून आपल्या नोकरीचा दाखला घेऊन तो अ‍ॅडमिरल्टीत, म्हणजे आरमाराच्या मुख्य कचेरीत गेला, तर कारकून म्हणाला, अर्ज करायला फार उशीर केलात. ग्रीनिचच्या गव्हर्नरांची गाठ घ्यावी म्हटलं, तर ते स्कॉटलंडला गेलेले. निकोल रिकाम्या हाताने परत आला.

वरवर पाहता हे तीन नकार म्हणजे नशिबाचा खेळ वाटतो. निकोलनेही स्वतःला दैवाचं लेकरूच म्हणवलं. मला ते पटत नाही. त्याच्या आयुष्याचा हिशोब वर्षावार मांडला, की दिसतं ते असं: शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशाचं म्हातारपण त्याने किती वर्षं काम केलं यावर ठरत नव्हतं. ते काम कुणाच्या वहीत, कोणत्या खात्यात नोंदलं गेलं आणि त्याचा पुरावा घेऊन तो योग्य वेळी योग्य खिडकीशी उभा राहू शकला का, यावर ठरत होतं. निकोलच्या बाबतीत ही प्रत्येक गोष्ट चुकली, आणि ती चुकायला बहुतेक ठिकाणी व्यवस्थाच कारण होती.

निकोलचा जन्म १७५५ चा, एडिंबरोजवळच्या करी गावातला. बाप लाकडी पिंपं बांधणारा कारागीर, आणि मुलानेही तोच धंदा शिकून घेतला. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण जहाजावर हा कारागीर फार मोलाचा. पाणी, खारवलेलं मांस, बिअर, बिस्किटं, बंदुकीची दारू, देवमाशाचं तेल, सगळं पिंपात. एक फळी फाटली किंवा कडं ढिलं झालं, तर महिनाभराचं पाणी जहाजाच्या तळाशी वाहून जायचं. देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर पिंपांच्या फळ्या सुट्या करून, बांधून ठेवत. शिकार लागली की कारागीर डोलत्या जहाजावर त्या जुळवून, तापवून, कडी ठोकून पिंप उभं करी. असा माणूस कोणत्याही बंदरात उपाशी राहत नसे. जमिनीवरही त्याचं दुकान चाले. म्हणजे म्हातारपणाची सोय करण्याच्या बाबतीत निकोल साध्या खलाशापेक्षा चांगल्या जागी होता. तरीही त्याची ही गत झाली, म्हणून तर हे प्रकरण अभ्यासायचं.

१७७६ साली तो आरमारात शिरला. तेव्हा अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. १७८३ ला तह झाला, जहाजं मोकळी झाली, माणसं घरी धाडली. पुढची साधारण ११ वर्षं तो व्यापारी जहाजांवर होता, आणि काय काय जहाजं पाहिली त्याने! ‘लेव्हायथन’वरून ग्रीनलंडकडे देवमाशांच्या मागे. ‘कॉटन प्लँटर’वरून वेस्ट इंडीजमध्ये ग्रेनेडाला, जिथे गुलामांचे हाल पाहून तो हलला, त्यांच्याविषयी त्याने पुढे जे सांगितलं आहे त्यात खरी कणव आहे. १७८५ ते १७८८ ‘किंग जॉर्ज’वर: केप हॉर्नला वळसा, हवाई बेटं, अलास्काचा किनारा, तिथून कातडी घेऊन चीन. दर्यासंशोधक कप्तान कुक हवाईत मारला गेल्यानंतर तिथे पोचलेल्या पहिल्या जहाजांपैकी हे एक.

१७८९ ला तो ‘लेडी जुलियाना’वर चढला. सव्वादोनशेच्या आसपास स्त्री कैद्यांना ऑस्ट्रेलियात नेणारं हे जहाज. त्यात इंग्लंडमधल्या लिंकन भागातली सारा व्हिटलॅम होती. तिच्या बेड्यांचे खिळे ऐरणीवर निकोलनेच तोडले, आणि त्याच भेटीत त्याचं मन तिच्यावर जडलं. प्रवास जवळजवळ वर्षभराचा. वाटेतच त्यांना मुलगा झाला. जून १७९० मध्ये जहाज सिडनीला लागलं. निकोलला तिथेच राहायचं होतं, पण तो करारात बांधलेला आणि जहाजाला माणसांची गरज. साराची शिक्षा संपली की येऊन घेऊन जाईन, असं वचन देऊन तो चीनच्या वाटेला लागला. जहाज गेल्यावर लगेचच साराने दुसऱ्या एका कैद्याशी लग्न केलं. निकोलला हे कधीच कळलं नाही.

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. तिच्याकडे परत जायचं म्हणून निकोल देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून प्रशांत महासागरात शिरला. या काळात सिडनीहून पळालेल्या एका कैद्याने त्याला सांगितलं, की सारा वसाहत सोडून मुंबईला गेली. झालं, निकोलच्या डोक्यात मुंबई बसली. पण मुंबईचं बंदर त्याला कधी दिसलं नाही. मिळालं ते चीनला जाणारं ईस्ट इंडिया कंपनीचं ‘नॉटिंगहॅम’. वसाहतीच्या नोंदींप्रमाणे सारा नवऱ्याबरोबर तिथून निघाली ती १७९६ मध्ये. म्हणजे ही बातमी निकोलने ऐकली तेव्हा ती अजून वसाहतीतच होती. जहाजावरच्या माणसाला पत्ता नाही, टपाल नाही. बंदरात कुणी काय सांगेल तीच खबर. अशा खबरीवर त्याने आयुष्याची वर्षं लावली.

प्रेमकथा म्हणून ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. मला ती म्हातारपणाच्या हिशोबात धरायची आहे. त्या काळी गरीब माणसाची निवृत्ती म्हणजे घर: बायको, मुलगा, थोडी जमीन, गावात ओळख. खलाशाच्या नोकरीने नेमकं तेच जमू दिलं नाही. पस्तिशीत निकोलकडे बायकोच्या जागी एक स्त्री आणि एक तान्हं मूल होतं, आणि करारामुळे ती दोघं जगाच्या दुसऱ्या टोकाला राहिली.

१७९४ ला ‘नॉटिंगहॅम’ चीनहून परतलं. फ्रान्सशी युद्ध सुरू झालेलं. परतणाऱ्या व्यापारी जहाजांवरची माणसं किनारा दिसायच्या आतच आरमारासाठी पकडायची, हा तेव्हाचा सर्रास प्रकार. निकोल पकडला गेला. प्रेस गँग म्हणत त्या टोळीला. वेठीला धरणंच ते. आरमारात कुशल खलाशाचा पगार महिन्याला २४ शिलिंग, आणि हा आकडा १६५३ पासून १७९७ पर्यंत हलला नव्हता. युद्धाच्या दिवसांत व्यापारी जहाजावर त्याच माणसाला याच्या दुपटीहून जास्त मिळे. म्हणजे पकडलं जाणं याचा अर्थ निम्म्याहून कमी पगार, आणि सुटका कधी ते सांगता येत नाही.

‘गोलायथ’ या युद्धनौकेवर निकोल १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटच्या आणि १७९८ मध्ये नाईलच्या लढाईत होता. नाईलच्या वेळी तो दारूच्या कोठारात, तळाशी. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं, तोफांना दारू पुरवणाऱ्या पोरांकडून आणि बायकांकडून कळे तेवढंच. हो, जहाजावर बायका होत्या. काही जखमी झाल्या, एडिंबरोजवळच्या लीथ बंदराची एक त्यात मेली, आणि एक तर तोफा धडाडत असतानाच बाळंत झाली. त्यांची नावं आरमाराच्या पटावर नव्हती, त्यामुळे त्यांना पेन्शन मागायचा प्रश्नच आला नाही. निकोलच्या सांगण्यात त्या आल्या म्हणून आपल्याला कळतात तरी.

१८०१-०२ च्या सुमारास सुटून तो गावी आला. दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा, तीनदा चीन, आणि एकूण नोकरी २५ वर्षं: साधारण १४ आरमारात, ११ व्यापारी जहाजांवर. आता या २५ वर्षांतून म्हातारपणासाठी काय शिल्लक राहिलं ते पाहू.

ग्रीनिच हॉस्पिटलची सनद १६९४ ची. त्याचा खर्च भागवायला १६९६ पासून प्रत्येक खलाशाच्या पगारातून महिन्याला ६ पेन्स कापायला सुरुवात झाली. प्रत्येक म्हणजे व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्याही. पण ग्रीनिचची दारं उघडी होती ती आरमारात नोकरी केलेल्यांनाच. या अन्यायाबद्दल ओरड झाल्यावर १७४७ मध्ये व्यापारी खलाशांसाठी वेगळा मर्चंट सीमेन्स फंड काढला. त्याची रीत अशी, की त्यांच्याकडून आणखी ६ पेन्स घ्यायचे. आधीचे ६ बंद झाले नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा हिशोब निराळा. कंपनीचा स्वतःचा फंड लंडनमधल्या पॉपलरला होता.

निकोलच्या व्यापारी वर्षांपैकी १० वर्षं पगाराची धरली, तर १२० महिने. महिन्याला ६ पेन्स म्हणजे ६० शिलिंग, ३ पौंड (१२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड). दोन्ही फंडांचे मिळून ६ पौंड. शांततेच्या दिवसांत व्यापारी खलाशाला महिन्याला ३० शिलिंगांच्या आसपास मिळत. म्हणजे चार महिन्यांची कमाई त्याने म्हातारपणाच्या नावाखाली दिली, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. बदल्यात मिळालं काय? ग्रीनिचच्या लेखी व्यापारी वर्षं मोजायचीच नव्हती. आणि मर्चंट सीमेन्स फंड बंदराबंदरात वाटलेला: त्या त्या बंदराचे विश्वस्त, ज्यांत जहाजमालक आणि व्यापारी, ते ठरवणार कुणाला किती द्यायचं. एका बंदरात बरे पैसे, दुसऱ्यात चिल्लर. ज्याचं आयुष्य एकाच बंदराच्या जहाजांवर गेलं, ज्याला मालक चेहऱ्याने ओळखतो, त्याला तिथे जागा. आज ग्रीनलंड, उद्या ग्रेनेडा, परवा चीन करणाऱ्या, लंडनहून निघून एडिंबरोला म्हातारा झालेल्या माणसाला कोणतं बंदर आपलं म्हणणार?

यात आणखी एक भर घालायला हवी. इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा तत्त्वच होतं, की जहाजाने भाडं कमावलं तरच खलाशाला पगार. जहाज बुडालं, तर वाचलेल्या माणसाची मागच्या सगळ्या महिन्यांची मजुरीही बुडाली. १८५४ च्या कायद्याने हे संपवलं. खलाशी उधळे असत, बंदरात पैसे उडवत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. उडवतही असतील. पण वर्षा-दोन वर्षांनी एकदम हातात येणारा, तोही येईलच याची खात्री नसलेला पगार घेऊन जो माणूस जगतो, त्याच्याकडून शिलकीची अपेक्षा करणाऱ्यांनी हा कायदाही समोर ठेवावा. कप्तानांची गोष्ट वेगळी. कंपनीच्या जहाजांवर त्यांना स्वतःचा माल न्यायला ठरावीक जागा मिळे, आणि त्या खासगी व्यापारावर चार-पाच सफरींत माणूस गावी इस्टेट घेऊन बसे. पोर्टलॉक आणि निकोल एकाच जहाजावरून जग फिरले. एकाचा शेवट ग्रीनिचमध्ये झाला, दुसऱ्याला तिथे आत जाता आलं नाही.

तरी निकोलने शिल्लक टाकली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. एडिंबरोला आल्यावर त्याने मार्गारेट नावाच्या आपल्या नात्यातल्या बहिणीशी लग्न केलं, त्यांच्याकडे ती रीत आहे, आणि पिंपांचं स्वतःचं दुकान टाकलं. हीच त्याची खरी निवृत्तीची योजना होती, आणि चांगली होती. हातात कसब, शहरात गिऱ्हाईक, घरात माणूस. आरमारातून सुटताना पेन्शनचा अर्ज त्याने का केला नाही, असं विचारणाऱ्यांना उत्तर इथे आहे. पेन्शन होती जखमी, जर्जर झालेल्यांसाठी. निकोल सत्तेचाळिशीचा, धडधाकट, कमावता. मागायचं कशाच्या जोरावर?

१८०३ ला युद्ध पुन्हा पेटलं आणि प्रेस गँग रस्त्यांवर फिरू लागली. कायद्याने १८ ते ५५ वयाचा कोणताही दर्यावर्दी माणूस त्यांना उचलता येई. निकोलने दुकान विकलं आणि बायकोला घेऊन शहरापासून काही मैलांवरच्या कझलंड गावी गेला. तिथे चुनखडीच्या खाणीत मजुरीला लागला. ११ वर्षं. नाईलच्या लढाईत दारू पुरवलेला माणूस आपल्याच सरकारापासून लपून दगड फोडत होता.

माझ्या मते प्रकरणाची कळ या ११ वर्षांत आहे. शहरातला धंदा गेला तो इथे. कारागिराचे हात खाणीत झिजले ते इथे. आणि अर्ज करायची मुदत उलटली तीही इथेच, कारण अर्ज करायचा म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्याच कचेरीत जाऊन आपलं नाव, गाव, नोकरी सांगायची. १८१० मध्ये तो ५५ चा झाला, म्हणजे कागदोपत्री धोका टळला होता. पण जन्माचा दाखला खिशात घेऊन कोण फिरतं, आणि टोळीवाले तो बघत बसणार थोडेच? युद्ध संपेपर्यंत तो कझलंडलाच राहिला. १८१७ ला कारकून जेव्हा ‘फार उशीर केलात’ म्हणाला, तेव्हा त्या उशिराची ११ वर्षं सरकारनेच निर्माण केलेली होती. कारकुनाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याच्या नियमात त्यासाठी रकाना नव्हता.

कप्तानाच्या शब्दावर भिस्त ठेवली यात निकोलचा काही दोष होता का? नोंदी अगदीच नव्हत्या असं नाही. आरमाराचे हजेरीपट नीट ठेवलेले असत, म्हणून तर सॉमरसेट हाउसमध्ये दाखला निघाला. १७४७ च्या कायद्याने व्यापारी जहाजांच्या कप्तानांनाही माणसांचे पट ठेवायला लावले होते. पण ते पट जहाजागणिक. एका माणसाची सगळी जहाजं एका जागी दिसतील असं खलाशाच्या हातात काही नव्हतं. आज मुंबईत बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाकडे सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक असतं, चढल्या-उतरल्याच्या तारखांचे शिक्के त्यात असतात. १९६६ च्या सीमेन्स प्रॉव्हिडंट फंड कायद्याने पैसे त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होतात. ज्यांच्या घरात कुणी बोटीवर आहे त्यांना हे पुस्तक किती जपून ठेवतात ते माहीत आहे. कामाची जात मात्र बदललेली नाही: करार संपला, माणूस उतरला, की पुढच्या करारापर्यंत तो कुणाचाच नाही. आणि निकोलच्या काळात त्याच्याहूनही वाईट दशा झाली ती लास्करांची, म्हणजे इंग्रजी जहाजांवरच्या आपल्याकडच्या खलाशांची. पूर्वेच्या बंदरांत इंग्रज खलाशी आरमाराने उचलले, आजाराने मेले, की त्यांच्या जागी हिंदी माणसं घेत. लंडनला पोचल्यावर त्यांना शॅडवेलच्या बराकींत कोंबून ठेवत. त्यांचे हाल इतके झाले, की १८१४-१५ मध्ये संसदेला समिती नेमावी लागली. त्यांच्यासाठी ग्रीनिचही नव्हतं आणि ६ पेन्सांचा फंडही नव्हता.

लंडनहून परतलेल्या निकोलची पुढची पाच वर्षं फार वाईट गेली. बटाटे, आणि बेकरीतून मिळणाऱ्या पावाच्या करपलेल्या चुऱ्याची कॉफी, हे त्याचं जेवण. कमरेला फडकं बांधून तो रस्त्यावर पडलेले कोळशाचे तुकडे वेचायचा. १८२२ मध्ये जॉन हॉवेल नावाच्या, पुस्तकबांधणीचं काम करणाऱ्या एका चौकस माणसाने त्याला तसं पाहिलं आणि बोलतं केलं. हॉवेलने त्याच्या तोंडून सगळी हकिकत लिहून घेतली, एडिंबरोच्या ब्लॅकवुड या प्रकाशकाने ती त्याच वर्षी छापली, आणि विक्रीचा पैसा म्हाताऱ्याला मिळावा अशी व्यवस्था झाली. साध्या खलाशाने स्वतः सांगितलेल्या त्या काळच्या आठवणी थोड्या आहेत. ही त्यांतली एक. आपण इथे जे काही मांडलं, त्यातला मोठा भाग आपल्या हाती आला तो हॉवेल त्या दिवशी थांबला म्हणून. म्हणजे निकोलला शेवटी जे थोडंफार मिळालं ते ना आरमाराकडून, ना व्यापारी फंडाकडून. त्याची २५ वर्षं त्याच्या आठवणीत होती, आणि त्या आठवणींना गिऱ्हाईक मिळालं.

निकोल १८२५ साली वारला. ग्रीनिचसाठी व्यापारी खलाशांच्या पगारातून होणारी ६ पेन्सांची कपात त्यानंतर ९ वर्षांनी, १८३४ मध्ये थांबली. त्यांचा स्वतःचा मर्चंट सीमेन्स फंड देणी भागवू शकेना, आणि १८५१ मध्ये कायदा करून तो गुंडाळण्यात आला.